यल्लाप्पाच्या घरचं पाणी

मी गाव सोडलं त्या सकाळी आप्पा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी. स्टँडवर आले होते. हमालाला त्यांनी हात लावू दिला नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, एकदा नांदायला जाऊन दोन वर्षांत परत आलेली, आणि आता धारवाडच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागलेली. गाडी सुटायला वीस मिनिटं होती आणि आम्हा बापलेकींकडे बोलायला काही नव्हतं. दादा दुकान उघडायचं म्हणून आला नाही. वहिनीनं दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या चांगल्या मऊ होत्या, खोटं कशाला बोलू? गाडी हलली तसे आप्पा खिडकीशी दोन पावलं चालले आणि म्हणाले, "पोचलीस की पत्र टाक. आणि खोली घेताना आधी पाणी बघ."

कृष्णाकाठच्या माणसाला दुसरं काय सुचणार! आपल्याकडे घाट उतरला की पाणी. रोज सकाळी कालचं पाणी झाडांना ओतायचं, भांडी चिंचेनं घासायची, नवं भरायचं. आई म्हणायची, "शिळं पाणी आणि शिळा राग घरात ठेवू नये." आई गेल्यावर पाण्याचं तेवढं मी पाळलं. राग मात्र साठवत राहिले. वहिनी मला कधी वावगा शब्द बोलली नव्हती, पण माझं ताट मांडताना तिचा हात क्षणभर थांबायचा. त्या क्षणभरासाठी मी गाव सोडलं, असं म्हटलं तर तुम्हा घरच्यांना पटणार नाही. पण ते तसंच आहे.

धारवाडच्या सप्तापुरात मला खोली मिळाली. मालकीणबाई गंगाक्का कानडी, पण लहानपणी, तो भाग मुंबई इलाख्यात असताना, शाळेत मराठी शिकलेल्या. छपन्न साली नकाशा बदलला तरी जिभेवरचं मराठी गेलं नव्हतं. मी आल्याआल्या आप्पांच्या सांगण्याप्रमाणे नळ फिरवून बघितला. नळातून नुसती हवा आली. गंगाक्का हसल्या. पाणी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दहा दिवसांनी, तेही दोन-तीन तास, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, या बाई थट्टा करताहेत.

पहिलं वर्ष कसं काढलं ते सांगायला नको. लायब्ररीत बोलायला मनाई, आणि बाहेर बोलायला कानडी येईना. शनिवारी दुपारी कॉलेजातून निघाले की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. कधीकधी मी मुद्दाम पुस्तकातलं एखादं पान मोठ्यानं वाचायची, घसा बंद पडू नये म्हणून. तुम्हाला पत्रात लिहायची, 'इथं हवा फार छान आहे.' हवा खरोखरच छान होती.

त्या दिवसांत मला नावानं नव्हे, तरी हक्कानं हाक मारणारा एकच माणूस होता, आणि तो होता आमच्या भागातला पाणी सोडणारा यल्लाप्पा. वॉलमन म्हणायचे त्याला सगळे. चाळिशीचा, उंच, खाकी शर्ट, सायकलच्या दांड्याला बांधलेली पाणी सोडायची लांब लोखंडी किल्ली. कोपऱ्यावरचं लोखंडी झाकण उचलायचा, किल्ली आत घालून दोन्ही हातांनी फिरवायचा, आणि मग गल्लीतून सायकल चालवत ओरडत जायचा, "नीर बंदाव्री! पाणी आलं ओ!" मी लायब्ररीत असायची, भांडी रिकामीच राहायची. दोनदा असं झाल्यावर तिसऱ्या खेपेला त्यानं आदल्या संध्याकाळी दार वाजवलं. "आक्का, तुमची भांडी नळाखाली कधीच दिसत न्हाईत. उद्या सकाळी सहाला सोडतोय. रजा टाका, न्हाईतर गंगाक्काकडं किल्ली देऊन जावा." तो मूळचा अळणावरकडच्या एका खेड्यातला, घरात मराठी बोलणारा. आपली भाषा ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी जरा कोरडेपणानंच "बरं" म्हटलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

चार वर्षांनी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दोन महिने दादा-वहिनीनं केलं, ते नाकारणार नाही. पण मी गेले तेव्हा आप्पांची खाट माजघरातून मागच्या पडवीत गेली होती. 'इथं वारा येतो' म्हणून. मी तिथल्या तिथं सांगितलं, मे महिन्याची सुट्टी आहे, आप्पांना मी नेते. दादा म्हणाला, "तू एकटी. तिथं ना नदी ना विहीर ना चार माणसं. हट्ट करू नको." मी हट्ट केला. भाड्याच्या गाडीत आप्पांना आडवं घालून दादानं धारवाडला आणून सोडलं आणि जाताना दारातच बजावलं, "पुढच्या शनिवारी येतो. आप्पांची आबाळ दिसली तर त्याच गाडीनं परत नेणार. मग बोलायचं नाही."

मला आप्पा महिनाभरासाठी नको होते. मला ते कायमचे हवे होते. त्या खोलीत कुणीतरी माझ्या स्वयंपाकाची वाट बघणारं हवं होतं. मी त्यांची सेवा करायला त्यांना आणलं असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे मला सोबत हवी होती. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला लाज वाटत नाही.

पहिले चार दिवस बरे गेले. आप्पांना अंथरुणातच सगळं. एका बाजूला वळवून मी त्यांना पुसून काढायची, चादरी धुवायची. पाणी भरभर उतरत होतं, पण गुरुवारी आमची पाळी होती. बुधवारी आप्पांनी तांब्या तोंडाला लावून बाजूला सारला आणि जड जिभेनं म्हणाले, "शिळं." नदीकाठचा माणूस, जीभ लुळी झाली तरी चव गेली नव्हती. मला आईची आठवण आली. गुरुवारी पहाटे मी पिंपातलं उरलेलं पाणी, घागरीतलं, कळशीतलं, सगळं अंगणात ओतलं. चिंच घेऊन भांडी लखलखीत घासली आणि नळाखाली लावून बसले.

गंगाक्का बाहेर आल्या, ओलं अंगण बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यय्यो, याक चेल्लिदी? का गं ओतलंस?" धारवाडचं माणूस असं कधी करत नाही. नळातून पाण्याची धार दिसल्याशिवाय जुन्या पाण्याचा थेंब कुणी सांडत नाही, मग ते आठ दिवसांचं असो की दहा. मला चार वर्षांत पाणी भरायला आलं, पण राखायला आलं नव्हतं.

सहा वाजले, सात वाजले. यल्लाप्पा आला तो हाक न मारता. "मोठी पाइप फुटलीया लांब तिकडं. तुमच्या टाकीला पाणीच न्हाई. दोन दीस तरी लागतील." गल्लीतल्या बायका हळहळल्या आणि आपापल्या साठ्याकडे वळल्या. मी माझ्या चकचकीत रिकाम्या भांड्यांकडे बघत राहिले.

गंगाक्कांनी एक घागर दिली. त्यांच्या घरात खाणारी-पिणारी सात माणसं, त्याहून जास्त मागायला माझी जीभ रेटेना. ती घागर पिण्यात आणि स्वयंपाकात गेली. त्यात उन्हाळा, आप्पांचं पोट बिघडलं. गुरुवारी रात्रीपर्यंत चार चादरी खराब होऊन कोपऱ्यात पडल्या. शुक्रवारी सकाळी खोलीत वास भरला होता. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी वळवायला गेले तर डोळे मिटून घेतले. तुमच्यापैकी ज्यांनी आप्पांचं ते इस्त्रीचं धोतर आणि ताठ चालणं बघितलंय, त्यांना त्या मिटलेल्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगायला नको. आणि दुसऱ्या दिवशी दादा येणार होता.

मी बाहेर पडले. कोपऱ्यावर यल्लाप्पा किल्ली फिरवत होता. पलीकडच्या गल्लीला दुसऱ्या टाकीचं पाणी, ते चालू होतं. दोन्ही गल्ल्यांचे नळ जोडणारा एक वॉल, म्हणजे पाण्याची चावी, तिथंच आहे, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "दहा मिनिटं आमच्याकडे फिरवा. फक्त दहा मिनिटं."

"न्हाई जमत, आक्का."

"घरात आजारी माणूस आहे. बघून या हवं तर."

"खरंच आसंल ओ. पण वर चढावर ती पत्र्याची चाळ हाय न्हवं, तितं पाणी सगळ्यात शेवटी चढतंय. मी हिकडं दहा मिंटं सोडलो तर त्यांचं तुटतंय. किल्ली माझ्या हातात हाय, पाणी माझं न्हवं." मग खाली बघत म्हणाला, "भांडं घेऊन पलीकडच्या गल्लीत जावा. कुणी न्हाई म्हणणार न्हाई."

दारोदार भांडं घेऊन मागायचं? मी? माझं टाळकं सटकलं. भर रस्त्यात मी त्याला म्हटलं, "तुमचा बाप असा घाणीत पडला असता, तर फिरवली असती की नाही किल्ली?"

त्यानं झाकण बसवलं, सायकल घेतली आणि गेला. मी घरी आले आणि दार लावून रडले. त्याच्यावर रागवून नव्हे. माझ्या वडिलांना धुवायला तांब्याभर पाणी मागावं अशी एकही ओळख चार वर्षांत मी करून ठेवली नव्हती, म्हणून रडले. दादा बरोबर होता. माझ्याकडे चार माणसं नव्हती.

दुपारी बाराच्या उन्हात दार वाजलं. यल्लाप्पा उभा. सायकलच्या मागे दोन बाजूंना दोन घागरी दोरीनं बांधलेल्या, तोंडाला ओलं फडकं. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मी दारातून बाजूला झाले. त्यानं घागरी उचलून आत ठेवल्या.

"हे आमच्या घरचं हाय," तो म्हणाला. "हे द्यायला मला कुणाला इचारायला लागत न्हाई. बायकोला तेवढं इचारलं, ती म्हणाली, दोन्ही घागरी न्या."

"यल्लाप्पा, मी सकाळी बोलले ते..."

"ते ऱ्हावू दे." तो चपला काढत होता. "माझा बा गावाकडं असाच पडून व्हता, आक्का. सा म्हैने. मी हितं कामावर. मला हात लावायला मिळाला न्हाई त्यास्नी. चला, एकटीला उचलायचं न्हाई तुमच्यानं."

आणि ज्याला मी रस्त्यात टाकून बोलले होते, त्या माणसानं माझ्या वडिलांना लहान मुलासारखं उचलून खुर्चीवर बसवलं. खाली घमेलं ठेवायला मला सांगितलं. तांब्यातांब्यानं त्यांना आंघोळ घातली, काखेत, मांड्यांच्या बेचक्यात, बोटांच्या फटींत, कुठं म्हणून सोडलं नाही. घमेल्यात जमलेलं पाणी त्यानं फेकू दिलं नाही. त्यात चादरी आधी खंगाळायच्या, मग साबण लावायचा, मग चांगल्या पाण्यातून एकदाच काढायच्या, आणि हे सगळं काळं झालेलं पाणी संडासात टाकायचं, असं मला दाखवलं. एक पाणी तीनदा. चार वर्षं धारवाडात राहून मी हे शिकले नव्हते.

नव्या चादरीवर टेकल्यावर आप्पांनी पाणी मागितलं. यल्लाप्पानं पेला पुढं केला. आप्पांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "ताजं?"

मी घाईघाईनं "हो, हो" म्हणणार होते. तेवढ्यात यल्लाप्पा म्हणाला, "न्हाई अप्पा. सा दिसांचं हाय. पण तांब्याच्या घागरीत झाकून ठेवलेलं हाय."

आप्पा थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पेला डाव्या हातात घेतला, सगळा प्यायले, आणि परत पुढं केला.

संध्याकाळी यल्लाप्पा आणखी एक घागर देऊन गेला. त्याच्या घरी त्या दोन दिवसांत काय भागवाभागव झाली असेल ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शनिवारी दादा आला. दोरीवर पाच चादरी वाळत होत्या, आप्पांची दाढी केलेली होती, खोलीत धुपाचा वास होता. दादानं सगळीकडे नजर फिरवली. त्याला बोट दाखवायला जागा मिळेना. मग तो मोरीत हातपाय धुवायला गेला. गावच्या सवयीनं तांब्यामागून तांब्या धो धो ओतू लागला. मी जीभ चावून गप्प बसले. तो पाहुणा होता, आणि अजून गाडी दारातच उभी होती.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. दोन महिन्यांत आप्पांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "ए! पाणी!" दादा धावत आला, त्याला वाटलं त्यांना प्यायला हवंय. आप्पांनी डावं बोट मोरीकडे रोखलं. "जपून! लोकाच्या घरचं आहे."

दादा ओल्या पायांनी तसाच उभा राहिला. मग हसू लागला, मग मीही. खूप वर्षांनी आम्ही भावंडं एकत्र हसलो. गाडी रिकामी परत गेली. आप्पा राहिले. सुट्टी संपल्यावर यल्लाप्पाची बायको दिवसा त्यांच्याजवळ येऊन बसायची. ती माहेरची कानडी, तिचं मराठी तोडकं, आप्पांची जीभ जड, पण दोघांचं काय काय चालायचं.

आता मी निवृत्त झालेय. गुडघे बोलतात. यल्लाप्पा निवृत्त होऊन गावी गेला आणि मागल्या खेपेला चौकशी केली तेव्हा तोही राहिला नव्हता. गंगाक्का गेल्या, त्यांच्या मुलांनी वर मजले चढवले. शहरात कुठं कुठं आता चोवीस तास पाणी येतं म्हणतात. आमच्याकडेही पूर्वीइतका खोळंबा नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी गल्ली बाहेर यायची तीही येत नाही. आठ-आठ दिवस मी कुणाशी बोलत नाही. दादाची मुलगी फोन करते, "आत्या, एकटी कशाला राहतेस? इकडे ये, नदीकाठी." तुम्ही सगळेच विचारता. मला एकटं वाटतं का? वाटतं. फार वाटतं. तरी मी येत नाही, त्याचं कारण मला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून आप्पा गेले त्या दिवसाचं लिहिते. तुमच्यापैकी एकटा दादाच त्या दिवशी इथं होता.

चौदा महिने माझ्याकडे राहून आप्पा एका पावसाळी सकाळी गेले, चहाच्या आधी. गंगाक्कांचा मुलगा दादाला ट्रंक कॉल लावायला पळाला. मी आप्पांच्या उशाशी बसले होते. तेवढ्यात मोरीतला नळ फुसफुसला. आमची पाळी होती. आणि मी, बापाचं प्रेत खाटेवर असताना, उठले आणि भांडी लावली. रडता रडता घागर भरली, पिंप भरलं. धारवाडनं मला असं करून ठेवलं होतं.

यल्लाप्पाला कोपऱ्यावरच कळलं. त्यानं दाराकडे बघून डोक्यावरची टोपी काढली, पण किल्ली सोडली नाही. आमच्या दारात मयत आहे म्हणून पाच मिनिटं जास्त दिली नाहीत, की आपल्याला यायचंय म्हणून पुढच्या गल्लीची पाच मिनिटं कापली नाहीत. आमचं पाणी नेहमीच्या वेळेला बंद झालं. पुढच्या दोन्ही गल्ल्यांना पाणी सोडून, बंद करून, दहाच्या सुमारास तो घरी जाऊन आंघोळ करून आला. बरोबर त्याची बायको आणि भावकीतले तिघं. बायकोनं माझं डोकं तिच्या खांद्यावर घेतलं. पुरुषांनी ताज्या पाण्यानं आप्पांना शेवटची आंघोळ घातली.

दादा तीन वाजता पोचला. अंगणात चौघं तिरडी बांधत बसले होते. पावसानं भिजलेला यल्लाप्पा मधल्या बांबूला सुंभ आवळत होता. दादानं त्यांच्याकडे बघितलं. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. त्यानं मला हळूच विचारलं, "ही कोण माणसं?"

"आमच्याकडची आहेत," मी म्हणाले.

दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं चपला काढल्या, यल्लाप्पाच्या समोर उकिडवा बसला, आणि सुंभाचं दुसरं टोक हातात घेतलं.